मंडपवाल्याच्या कानानं ऐकलेले रॉक अल्बम

माझा धंदा साऊंडचा. गंगाखेड आणि आजूबाजूच्या गावांत सप्ता, लग्न, जयंती, सभा, काहीही निघालं की मिक्सर, माईक, कॉलम आणि जनरेटर टेम्पोत टाकून जायचं. असा माणूस रॉकचे अल्बम सुचवतो म्हणला की दोन्हीकडून हसू येतं. धंद्यातले म्हणतात, तुला डीजेचा गोंगाट कमी पडला का? पुण्याला शिकायला गेलेली पोरं म्हणतात, गंगाखेडात रॉक? जनाबाईच्या गावाला गाणं कळत नाही म्हणायला निघालेत बिचारे.

रॉक म्हणजे मोठा आवाज असं ज्याला वाटतं, त्यानं रॉक ऐकलेलंच नाही, वरातीतला डीजे ऐकलाय. मोठा आवाज मी कुणालाही करून देतो. त्याला भाडं लागतं, बाकी काही लागत नाही. माझं रॉक अल्बमचं माप वेगळं आहे. डोळे मिटल्यावर कोण कुठं उभाय ते कळलं पाहिजे. ड्रमवाला मागं, बास त्याला खेटून, गिटार एका अंगाला, गाणारा पुढं. कीर्तनातही तेच असतं. मधे महाराज, मागं टाळकरी, एका बाजूला मृदंग, दुसऱ्या बाजूला पेटी, आणि वीणेकरी हलत नाही. ही मांडणी नीट ऐकू आली तर लोक बाराला उठत नाहीत. सगळं एकात एक कालवलं गेलं की मागच्या बाया लेकरं उचलून घराकडं निघतात, महाराज कितीही चांगले असू देत.

अल्बमआधी साधनाचं सांगतो, कारण निम्मं काम तिथंच बिघडतं. मोबाईलच्या स्पीकरवर रॉक ऐकू नका. बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांना वाजते. मोबाईलमधल्या नखाएवढ्या स्पीकरच्या बापाला ते जमत नाही. तुम्हाला त्या सुराचे वरचे अंश ऐकू येतात आणि खालचा सूर डोकं आपल्या मनानं भरून काढतं. म्हणजे चार जणांच्या बँडमधला एक जण तुम्ही ऐकलेलाच नसतो. कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन घ्या, हजार-दीड हजाराचा चालतो. घरात जुना अँप्लिफायर आणि लाकडी खोक्याचे स्पीकर धूळ खात पडले असतील तर त्यांना आधी माळ्यावरून खाली काढा. आणि शफल बंद ठेवा. अल्बममधली गाणी क्रमानं लावलेली असतात. काकडा, कीर्तन आणि काल्याची उलटापालट कुणी करतं का?

सुरुवात कुठून करायची? माझा भाचा विचारतो, "मामा, डायरेक्ट मेटल ऐकू का?" मेटल म्हणजे रॉकमधला सगळ्यात जड प्रकार. ऐक की, कुणी अडवलंय. पण ज्याचे कान भजना-अभंगावर वाढलेत त्यानं इंडियन ओशनच्या 'कंदिसा'पासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. दिल्लीचा बँड, २००० सालचा अल्बम. सुस्मित सेनची गिटार, राहुल रामचा बास, अमित किलमचे ड्रम, आणि असीम चक्रवर्ती, जो मांडी घालून तबला वाजवता वाजवता गायचा. तबला वाजवत गाणारा माणूस साऊंडवाल्याची परीक्षा असते. गाण्याच्या माईकमध्ये तबला शिरतो आणि तबल्याच्या माईकमध्ये गाणं. 'कंदिसा'त तसं कुठंच होत नाही. असीमचा आवाज भरदार, खर्जातला, आणि तबला त्याच्या खाली वेगळा बसलेला.

शीर्षकाचं गाणं म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची आरामाईक भाषेतली जुनी प्रार्थना आहे. शब्द एक कळत नाही. तरी आमच्या एका टाळकऱ्यानं ते ऐकून विचारलं की हे कुठल्या संतांचं? मी सांगितलं, तर म्हणला, असू दे, परत लाव. त्याच अल्बममध्ये 'मा रेवा' आहे, नर्मदेचं लोकगीत. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता, तिथल्या खोऱ्यातलं हे गाणं त्यानं बँडमध्ये आणलं. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या गावात हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. अमित किलम ड्रमच्या जोडीला गबगुबी नावाचं बंगाली वाद्य वाजवतो. आपल्या चौंडक्याचं ते सख्खं भावंड, काखेत धरायचं आणि तार ताणत छेडायची. बँड आवडला तर पुढं २००३ चा 'झिनी' घ्या, त्यात कबीर आहे. आणि मागं जाऊन 'डेझर्ट रेन', तो पथनाट्यवाले सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ दिल्लीत झालेल्या कार्यक्रमात जागेवर ध्वनिमुद्रित केलेला आहे. रेकॉर्डिंग खरखरीत आहे, पण ती खरखर मला आवडते. असीम २००९ च्या डिसेंबरात गेला. त्यानंतरचा बँड वाईट नाही, पण मी ऐकतो ते आधीचं.

आता पिंक फ्लॉइड. 'द डार्क साइड ऑफ द मून', मार्च १९७३. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड झाला, इंजिनिअर ॲलन पार्सन्स. हा अल्बम सगळेच सुचवतात, म्हणून मी सुचवू नये असं थोडीच आहे. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो ७४१ आठवडे होता. एवढे आठवडे लोक उगंच विकत घेत नाहीत. त्रेचाळीस मिनिटांचा माल आहे, दहा गाणी, एकातून दुसरं निघतं. म्हणूनच यूट्यूबवर फुकट ऐकू नका. 'ऑन द रन' संपून 'टाइम'ची घड्याळं वाजायच्या बरोबर मधे साबणाची जाहिरात आली तर तुम्ही फ्लॉइड ऐकलं नाही, साबण ऐकला. ती घड्याळं पार्सन्सनं जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक वेगवेगळी टिपली होती, आणि मग एकावर एक चढवली. हेडफोनमध्ये ती डाव्या-उजव्या बाजूला पसरलेली कळतात.

'मनी' या गाण्यावर मला जरा थांबायचंय. सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचे आवाज ऐकू येतात. ते टेपचे मोजून कापलेले सात तुकडे आहेत, चिकटवून त्यांचं गोल कडं केलेलं. सात तुकडे का? कारण गाणं सात मात्रांचं आहे. आमच्याकडचे एक मृदंगाचे बुवा टेम्पोत माझ्या शेजारी बसले होते, सप्ता उरकून आम्ही पालमकडून येत होतो, आणि मी 'मनी' लावलं. बुवांना इंग्रजीचं वावडं नाही, पण आवडही नाही. ते डोळे मिटून बसलेले. बास सुरू झाला आणि बुवांची बोटं डॅशबोर्डवर चालायला लागली. तीन, दोन, दोन. "अरे भाऊ, हा तर रूपक." मी काही बोललो नाही, कारण मला पुढचं माहीत होतं. गाण्याच्या मध्यात डेव्हिड गिलमोरची गिटार एकटी सुटते तिथं गाणं सातावरून सरळ चारावर येतं. बुवांचा हात अडखळला, त्यांनी डोळे उघडले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि चाराला धरलं. गिटार संपून परत सात सुरू झाले तेव्हा ते माझ्याकडं बघून हसले. "लबाड आहेत, पण समेवर आले." त्यांनी दिलेला हा अभिप्राय कुठल्याही रॉकच्या मासिकातल्या अभिप्रायापेक्षा मला जास्त किमतीचा वाटतो.

याच अल्बममधलं 'द ग्रेट गिग इन द स्काय' हे शब्दच नसलेलं गाणं. क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला बोलावून सांगितलं की शब्द नकोत, नुसता आवाज लाव. नुसत्या आलापीवर तिनं जे केलंय ते ऐकून घ्या, मी काय सांगू. बिदागी मिळाली ३० पौंड. पुढं तिनं २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर संगीतकार म्हणून तिचंही नाव लागतं. आमच्याकडं चालीवर गाणाऱ्या पोरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

फ्लॉइडचा दुसरा घ्यायचा तर 'विश यू वेअर हिअर', १९७५. बँडमधून डोकं बिघडून बाहेर पडलेल्या सिड बॅरेटसाठी केलेला. रेकॉर्डिंग चालू असताना तोच स्टुडिओत येऊन उभा राहिला, जाडजूड, भुवया काढलेला, आणि जुन्या मित्रांना तो ओळखूही आला नाही. 'द वॉल' सुरुवातीला घेऊ नका. दोन तबकड्यांचं एका माणसाचं गाऱ्हाणं आहे ते. गिलमोरच्या गिटारीसाठी अधूनमधून काढतो मी, सलग कधी ऐकत नाही.

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, नोव्हेंबर १९७१. वेष्टनावर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, नुसता पाठीवर मोळी घेतलेला म्हातारा. लोक हा 'स्टेअरवे टू हेवन'साठी घेतात. चांगलं गाणं आहे, गिटार शिकणाऱ्या पोरांनी पार झिजवून टाकलंय. मी म्हणतो, थेट शेवटचं गाणं लावा, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. त्याच्या पहिल्या चार ठोक्यांवर माझ्यासारख्या माणसानं धंदा शिकावा.

झालं असं की बँड स्टुडिओत नव्हता, हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या मोठ्या घरात मुक्कामाला होता. ड्रमवाला जॉन बोनहॅम याचा संच जिन्याखालच्या उंच दालनात मांडला आणि इंजिनिअर अँडी जॉन्स यानं जिन्याच्या वरून दोन माईक खाली सोडले. बस्स. एकेका ड्रमला माईक चिकटवायचा खटाटोप नाही. ढोलाबरोबर भिंतींचा, पायऱ्यांचा आवाज आत आला. वरून थोडा एको दिला आणि सगळं दाबून, म्हणजे मोठ्या-बारीक आवाजातलं अंतर कमी करून, जाड केलं. मृदंगाला मी दोन माईक लावतो, एक शाईला आणि एक कणकेच्या पुडीला. पण दगडी सभामंडप असला आणि गर्दी बेताची असली की तिसरा एक माईक वर तुळईला टांगून बघा. मृदंग एकदम मोठा होतो, आवाज न वाढवता. हे मला कुणी शिकवलं नाही, या गाण्यानं शिकवलं. पत्र्याच्या मंडपात मात्र करू नका, शिट्टी मारतं.

गाणं मुळात त्यांचं नाहीच. १९२९ सालचं कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या दोघांचं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याच्या ढंगातलं आहे, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर. बांध फुटला तर जायचं कुठं, एवढाच विषय. २०२५ च्या सप्टेंबरात जायकवाडीतून पाणी सुटलं आणि गोदाकाठची शेतं, सोयाबीन, गोठे सगळं पाण्याखाली गेलं, तेव्हा हे गाणं मी लावलं नाही. लावायची गरज पडली नाही.

झेपेलिनचा दुसरा 'फिजिकल ग्राफिटी', १९७५. त्यातलं 'काश्मीर' तुम्हाला माहीत असेल. बँडमधलं कुणी तोवर काश्मीरला गेलेलं नव्हतं, शब्द सुचले ते मोरोक्कोच्या वाळवंटात गाडी चालवताना. ऐकायचं काय? ड्रम चाराचे, आणि त्यावर गिटारीचा तुकडा तिनाचा. दोघं आपापल्या वाटेनं चालतात आणि बारा मात्रांनी एकत्र येतात. बुवांना लावून दाखवलं तर त्यांनी टाळीवर धरून दाखवलं. ही माणसं १९७२ मध्ये मुंबईलाही येऊन गेली होती. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी तिथल्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली. ती २०१५ मध्ये त्यांच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत बाहेर आली. सारंगी-तबला सगळं आहे. ऐतिहासिक माल म्हणून ऐकायला ठीक.

जागेवर झालेल्या कार्यक्रमाचा एकच अल्बम घ्यायचा असेल तर डीप पर्पलचा 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियो, तीन रात्री. बँडला वाटत होतं की हा फक्त जपानात विकायचा, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही, आणि त्यामुळंच तो असा मोकळा झाला असावा. इंजिनिअर मार्टिन बर्च. नंतर स्टुडिओत बसून डागडुजी केलेली नाही, जे वाजलं ते टेपवर. 'चाइल्ड इन टाइम'मध्ये गायक इयान गिलन ज्या पट्टीला जातो तिथं माझ्या मिक्सरचा लाल दिवा पेटून फुटला असता. इथं आवाज फाटत नाही. 'स्पेस ट्रकिन' जवळजवळ वीस मिनिटं आहे. त्यातली दहा मला चालतात.

या अल्बममध्ये एका ठिकाणी गिलन साऊंडवाल्याला म्हणतो की सगळ्यांचा आवाज बाकी सगळ्यांपेक्षा मोठा करता येईल का. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टेम्पो कडेला घ्यावा लागला एवढं हसू आलं. नवरदेवाचा मामा, पेटीवाला, सूत्रसंचालक, पुढाऱ्याचा पीए, सगळे मला हेच सांगतात. पेटीवाल्याला पेटी वर पाहिजे, मृदंगवाल्याला मृदंग वर, आणि महाराजांना फक्त मॉनिटर, म्हणजे स्टेजवर आपलाच आवाज ऐकायचा स्पीकर. गिलननं निदान विनोद म्हणून तरी मागितलं.

डीप पर्पलच्याच 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याची मूळ नोंद 'मशीन हेड' या अल्बमवर आहे. गाणं एका आगीवर आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँट्रोमधला कॅसिनो फ्रँक झॅपा या अमेरिकन गिटारवाल्याच्या कार्यक्रमात जळाला, तिथंच यांना रेकॉर्डिंग करायचं होतं. मग रिकाम्या हॉटेलात गाद्या उभ्या करून केलं. जनरेटर बंद पडल्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सभा उरकणाऱ्यांना अशा माणसांविषयी आपुलकी वाटतेच.

माझ्या धंद्याचा अल्बम मात्र एसी-डीसीचा 'बॅक इन ब्लॅक'. जुलै १९८०. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला, नवा गायक ब्रायन जॉन्सन आला आणि बहामात जाऊन त्यांनी हा केला. निर्माता मट लँग. जगभरचे साऊंडवाले सिस्टीम लावून झाली की तपासायला हा वाजवतात, मीही वाजवतो. कारण यात काहीच जास्तीचं नाही. किक ड्रम, स्नेअर, बास, दोन गिटारी, घसा. मधल्या जागा रिकाम्या आहेत, म्हणून सिस्टीममध्ये जे बिघडलेलं असेल ते लगेच कळतं. खालचा बास भुसभुशीत झाला असेल, एखाद्या कॉलमची पिन उलटी लागली असेल, हॉर्न जास्त टोचत असेल. मंडप लागला की महाराज यायच्या आत दोन मिनिटं, बारीक आवाजात. एकदा वीणेकरी आजोबा आधीच येऊन बसले होते. ऐकून म्हणाले, "एवढा घसा बसलाय तर गातोय कशाला, काढा प्यावा." गाण्यांच्या शब्दांविषयी मी काही बोलत नाही. पोरांसमोर अर्थ सांगायची वेळ येऊ देऊ नका.

ब्लॅक सॅबथचं थोडक्यात. टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढं तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खोल आवाज निघाला ज्याला आज मेटल म्हणतात. पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा, जवळजवळ एका दिवसात उरकलेला. दुसरा 'पॅरानॉइड' त्याच वर्षीचा. दुसराच घ्या. ड्रमवाला बिल वॉर्ड जॅझ ऐकून मोठा झालेला, म्हणून एवढं जड असूनही गाणं चालतं, बसकण मारत नाही. ओझी ऑस्बोर्न २०२५ च्या जुलैत गेला, आपल्या गावात शेवटचा कार्यक्रम करून अवघ्या काही दिवसांत.

ज्यांना खरोखरच कलकलाट सोसत नाही त्यांना निर्वाणाचा 'अनप्लग्ड इन न्यूयॉर्क'. नोव्हेंबर १९९३ चं ध्वनिमुद्रण, अल्बम आला तो बँडचा गायक कर्ट कोबेन गेल्यावर, १९९४ मध्ये. नावात बिनविजेचा आहे, पण कोबेननं हट्ट धरला की माझी साधी गिटार अँप्लिफायरमधूनच जाणार. मग कार्यक्रमवाल्यांनी त्या अँपपुढं लाकडी खोकं करून तो मॉनिटर असल्यासारखा लपवला. असले हट्ट मी रोज पुरवतो. यातलं शेवटचं गाणं जुनं लोकगीत आहे, लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाच्या चालीवर घेतलेलं. ते रात्री उशिरा एकट्यानं ऐकू नका, किंवा ऐका.

डायर स्ट्रेट्सचा 'लव्ह ओव्हर गोल्ड', १९८२. तो फक्त 'टेलिग्राफ रोड' या चौदा मिनिटांच्या गाण्यासाठी घ्या. एक माणूस पाठीवर बोचकं घेऊन येतो, मुक्काम करतो, मग वस्ती, देऊळ, शाळा, वकील, कायदे, मोठा रस्ता, आणि मग कामधंदे जातात. मार्क नॉफ्लर बोटांनी गिटार छेडतो, त्यामुळं प्रत्येक सूर बोलल्यासारखा येतो. आमच्या गावांतली निम्मी तरणी पोरं चाकणच्या कंपन्यांत आहेत, त्यांना मी हे गाणं पाठवतो. एकानं उत्तर दिलं, "काका, सेकंड शिफ्टला आहे, रविवारी ऐकतो." गाणं चौदा मिनिटांचं आहे म्हणल्यावर रविवारच बरा.

काय घेऊ नये तेही सांगायला पाहिजे. मेटॅलिकाचा १९९१ चा काळ्या वेष्टनाचा अल्बम डोळे झाकून घ्या, पण २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' जपून. गाणी चांगली, वादन चांगलं, पण शेवटच्या टप्प्यात आवाज इतका दाबून वर चढवलाय की ड्रमचा ठोका फुटलेल्या पत्र्यासारखा लागतो. गंमत म्हणजे गिटारच्या एका व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी आली, ती कमी दाबलेली होती आणि स्वच्छ ऐकू येत होती. चाहत्यांनी नव्यानं मिक्स करून द्या म्हणून सह्याही गोळा केल्या. सगळाच आवाज वर असला की वर काहीच राहत नाही. आमच्या भागातले डीजेवाले भाऊ हे वाचत असतील तर त्यांनी माझ्यावर रागावू नये, मीही कधीमधी तोच धंदा करतो. 'बेस्ट ऑफ' नावाचे गोळा केलेले संचही टाळा. आणि जुन्या अल्बमची नवी 'रिमास्टर्ड', म्हणजे आवाज पुन्हा बसवलेली, आवृत्ती दिसली की जुनी आणि नवी दोन्ही मिनिटभर ऐकून बघा. नवी नुसती मोठी वाटत असेल तर जुनीच ठेवा. तबकडीच्या नादाला लागायचं असेल तर खिसा बघून लागा. एक-एक हजारांत जाते, आणि सुई, अँप, स्पीकर वेगळे. पोराची फी भरली असेल तरच.

आता आपल्याकडचं. मराठीत रॉक बँड नाहीत असं नाही, पण पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकावा असा अल्बम म्हणलं की माझी यादी आखूड होते. मल्याळममध्ये अवियल नावाच्या बँडनं २००८ मध्ये त्याच नावाचा अल्बम केला, सगळा मल्याळममधून, आणि कुठंही इंग्रजीची नक्कल वाटत नाही. नामदेव आमच्या शेजारच्या नरसीचे, गोरोबा तेरचे, एकनाथ पैठणचे, शब्दांचा तोटा आपल्याला तर नसावा. अभंग रिपोस्ट हा बँड अभंग घेऊन बास, ड्रम, कीबोर्डवर वाजवतो. भाच्याला तो लै आवडतो. मला त्यांचं जागेवरचं वादन जास्त पटतं, रेकॉर्डिंगमध्ये मृदंगाची जागा मला अजून मोठी पाहिजे. बुवा म्हणाले, ठेका सोडत नाहीत ना, मग गाऊ द्या. पुण्याचा अग्नी बँडही ऐकून ठेवा, हिंदीत गातात, २००७ चा पहिला अल्बम.

भाच्याच्या मेटलचा हट्ट पुरवायचा तर ब्लडीवूड. दिल्लीची पोरं. सुरुवात यूट्यूबवर गाजलेल्या गाण्यांची मेटल टिंगल करण्यापासून केली, २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आले, आणि २०२२ मध्ये 'रक्षक' हा अल्बम काढला. हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी, जोडीला ढोल आणि बासरी. 'दाना दान' हे गाणं बायकांवर हात टाकणाऱ्यांविषयी आहे आणि त्यात भाषा मवाळ नाही, नसावीही. ढोल इतक्या गिटारींच्या गर्दीत बुडत नाही, यात त्यांच्या मिक्सिंगवाल्याचं कौतुक आहे. आमच्या हलगीवाल्यांना मी तो ऐकवला. त्यातला एक जण म्हणाला, "भाऊ, यांना म्हणावं एकदा हलगी घेऊन बघा, ढोल विसरतील." २०२५ चा 'न्यू दिल्ली' मी अजून पचवतोय, पण भाच्याचं पाठ झालंय. दोन्ही अल्बम हेडफोनवर लावणार असाल तर आवाजाची पट्टी अर्ध्याच्या खाली ठेवा. बाकीचा त्यांनी आधीच वाढवून दिलाय.